वहिनी, माणूस कुठनं येतो?

भिंतीवर मिरच्या काढायच्या, एवढं माझं ठरलेलं होतं. कोल्हापुरात आमचं मिरची-कांडप आहे, सासूबाईंनी ते अलीकडेच माझ्या हातात दिलं. रस्त्याकडची बाजू वर्षानुवर्षं पोपडे सुटलेली. पेंटर येतील, किती मिरच्या आणि किती पैसे ते सांगतील, असा माझा हिशोब. ते आले आणि भिंतीकडे पाठ करून रस्त्याकडेच बघत उभे राहिले.

"वहिनी, माणूस कुठनं येतो?"

"दारातनं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्यांनी मला कोपऱ्यावरच्या रिक्षाथांब्यापाशी नेलं. तिथून आमची भिंत तिरकी दिसत होती. खालचे चार फूट तर दिसतच नव्हते, कारण पुढे गाड्या लागलेल्या. "खाली चित्र काढून उपेग न्हाई. गडद रंग मारू. चिखल उडतोय, लोकं थुकत्यात." मग अक्षरांचा हिशोब आला. दहा फुटांना एक इंच, म्हणजे सत्तर फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान सात इंच उंच हवं. त्याहून लहान केलं तर वाचायला थांबावं लागतं, आणि गाडीवरचा माणूस काही थांबत नाही. मी मान हलवत होते. निम्मं डोक्यावरून जात होतं.

तेवढ्यात मुंबईतल्या भाच्यानं फोनवर दुकानाचं नवं इंग्रजी नाव पाठवलं, त्यात 'स्टुडिओ' होता. सासूबाई म्हणाल्या, "इथं काय फोटो काढत्यात व्हय?" शिवाय २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही देवनागरीत मराठी पाटी लागते, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाहीत. मग दोन-दोन नावांना जागा कुठून आणायची? जुनंच नाव राहिलं.

भाच्यानं आणखी एक फोटो पाठवला होता. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती, मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भरलेल्या. नाकं, पोटं, टोप्या, गर्दीच गर्दी. मी हरखले. आपल्याही भिंतीवर बाजाराची अशीच गर्दी हवी, असं मनात आलं. पेंटरांनी फोन हातात घेऊन ते बराच वेळ बघितलं. "लई भारी. पण हे बसलेल्या माणसासाठी हाय."

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी शिरलं. तिथे गिऱ्हाईक टेबलाशी बसून एकेक चेहरा न्याहाळतं, आमच्या भिंतीपुढून ते क्षणात निघून जातं. पण आमच्याकडेही थांबणारी माणसं आहेतच की! मार्च ते मे बायका पिशव्या घेऊन नंबर लावून बसतात. गर्दीचं चित्र त्यांच्यासाठी, म्हणजे आत. बाहेर एकच आडवी, भलीमोठी मिरची आणि नाव.

काम सुरू झाल्यावर रंगाचा डबा कितीतरी वेळ उघडलाच नाही. पेंटर खरवडणीच्या मुठीनं भिंत ठोकत कान लावून ऐकत होते. 'बद्द' आवाज आला की तिथलं प्लास्टर पोकळ, ते पाडायचं. गटाराकडून ओल चढत होती, ती आधी बंद केली. मला वाटत होतं, पैसे चित्राचे देतेय आणि चाललंय गवंडीकाम! त्यानंतर कागदावर एका इंचाचे चौकोन आणि भिंतीवर एका फुटाचे. गेरू लावलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधून उचलून सोडायची. फट्! सरळ लाल रेघ. सिनेमाचे मोठाले बॅनर याच पद्धतीनं रंगवायचे म्हणे. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावात हे मला कुणीतरी सांगायची वेळ यावी!

लाल रंगावरून आमचं वाजलं. मला भडक हवा होता, त्यांनी विटकरीकडे झुकणारा कालवला. भिंत पश्चिमेची. भडक लाल उन्हात लवकर उडतो, गेरूच्या जातीचा टिकतो. भडक रंग त्यांनी फक्त उजेडाच्या पट्ट्यात वापरला. थांब्यावरून पाहिलं तर अख्खी मिरची तांबडीलाल दिसत होती. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आतलं काम सासूबाईंनी ताब्यात घेतलं. कमरेपर्यंत गडद ऑइलपेंट, कारण खकाणा बसतोच आणि तो ओल्या फडक्यानं पुसता आला पाहिजे. बाकडं यंत्रापासून हलवून दाराजवळ नेलं, म्हणजे ठसका कमी. बाकड्यासमोर बाजाराचं चित्र आणि त्यात तीन मिरच्या नावानिशी: सुरकुतलेली ब्याडगी, लांब संकेश्वरी, बुटकी लवंगी.

या हंगामात धंदा वाढला का? वाढला असावा, पण भिंतीमुळे की उन्हाळ्यामुळे, ते कसं ठरवणार? थांबलेल्या बायका मात्र आता गप्प बसत नाहीत. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, यावर अनोळखी बायकांची जुंपते. त्यातल्या एकीनं चित्रातली लवंगी बोटभर जाड असल्याचं दाखवून दिलं आणि सगळ्यांनी तिची री ओढली. सासूबाईंनी पेंटरांना बोलावून घेतलं. दोन किलो मिरची फुकट कुटून देण्याच्या बोलीवर त्यांनी चित्रातली लवंगी बारीक करून दिली.