फारसीचा पहिला बोलपट आणि त्याची विस्मृत नायिका

१/ रुपेरी पडद्यावर फारसी भाषा प्रथम बोलली ती १९३३ साली. तो चित्रपट मात्र तेहरानमध्ये नव्हे, तर आपल्या मुंबईत घडला. त्याचे नाव ‘दुख्तर-ए-लोर’, अर्थात लोर जमातीची कन्या. मुंबईचे श्रेय सांगून हा इतिहास संपत नाही, असे मला वाटते. त्याविषयी हा थ्रेड.

२/ निर्माते होते अर्देशीर इराणी. जन्म पुण्याचा, १८८६ चा. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ काढून त्यांनी हिंदुस्थानाला पहिला बोलपट दिला होता. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मुळे मराठी बोलपट अवतरला आणि त्याच्या पुढील वर्षी इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीतून फारसी बोलपट बाहेर पडला.

३/ त्यांचे सहकारी अब्दुलहुसेन सेपंता हे इराणी साहित्यिक. प्राचीन इराणच्या अभ्यासाची ओढ त्यांना मुंबईच्या पारशी विद्वानांपर्यंत घेऊन आली. पटकथा त्यांनी लिहिली आणि नायक जाफरही तेच झाले.

४/ कथा अशी: दरोडेखोरांनी बालपणी पळवलेली गुलनार चहाखान्यात नाचून दिवस कंठते. सरकारी कामगिरीवर आलेला जाफर तिच्या प्रेमात पडतो. संकटांतून निसटून दोघे मुंबई गाठतात आणि इराणमध्ये नवी राजवट स्थिरावल्याचे कळताच मायदेशी परततात. रझाशाहच्या कारभाराची ही उघड प्रशस्ती होती. परमुलखात निघालेल्या चित्रपटाला इराणचे दरवाजे खुले व्हायला ती निश्चितच उपयोगी पडली असणार.

५/ आता मूळ मुद्दा. फारसी बोलणारी नायिका मिळणे दुरापास्त होते. अखेर इंपीरियलमध्येच काम करणाऱ्या एका इराणी गृहस्थाची पत्नी, रूहअंगीझ सामिनेजाद, तयार झाली. वय अवघे सोळा-सतरा. बोली कर्मान प्रांताची, तेहरानी कानांना निराळी वाटणारी.

६/ चित्रपट तेहरानमध्ये विलक्षण गाजला. आपल्या भाषेत बोलणारी पात्रे पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. परंतु मुसलमान घरातील स्त्रीने उघड्या चेहऱ्याने पडद्यावर यावे, हे अनेकांना सहन झाले नाही. गुलनारवर प्रेम करणाऱ्या त्याच समाजाने रूहअंगीझच्या वाट्याला कुचेष्टा, अवहेलना आणि धमक्या दिल्या. तिने चित्रपटसृष्टी सोडली, नावही बदलले. १९९७ मध्ये तेहरानमध्ये ती निवर्तली, तेव्हा ती जवळजवळ अज्ञातच होती.

७/ सेपंतांचेही दैव फारसे वेगळे नव्हते. हिंदुस्थानात त्यांनी आणखी चार फारसी बोलपट केले. शेवटचा, ‘लैला मजनू’, कलकत्त्यात. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांना पाठबळ मिळाले नाही. प्रत्यक्ष इराणमध्ये तयार झालेला पहिला बोलपट पाहायला १९४८ साल उजाडावे लागले.

८/ ‘पहिला’ या शब्दाचा आपल्याला मोठा मोह असतो. पहिला बोलपट, पहिला निर्माता, पहिला स्टुडिओ. पण पहिले पाऊल टाकणाऱ्याने कोणती किंमत मोजली, हे सनावळीत येत नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, ‘दुख्तर-ए-लोर’ सुदैवाने टिकला आहे. गुलनार त्यात आजही बोलते. तो आवाज ऐकताना इंपीरियलचे, इराणींचे आणि सेपंतांचे नाव अवश्य घ्यावे; पण त्याआधी रूहअंगीझचे घ्यावे.