आगोटीआधीचा मांडव

मे सरत आला की वेळणेश्वरला आमच्या खळ्यातला मांडव उतरतो. वाळून खडखडीत झालेल्या झावळ्या खाली येतात, पोफळीचे वासे माळ्यावर जातात आणि पडवीच्या समुद्राकडच्या अंगाला झापांची झड बांधतात. काका सुंभाची प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघतात. आत मात्र तीच ओटी, तेच माजघर. पाऊस येणार म्हणून माजघराला कुणी हात लावत नाही.

एलिक्झरमध्ये कोड लिहिताना हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

माझ्या लॅपटॉपवरून खरा एसएमएस जाऊ नये, म्हणून संदेश तयार करणाऱ्या फंक्शनच्या पोटातच मी ‘मिक्स.एन्व्ह’ला विचारून फाटा काढला होता. घरी सगळं सुरळीत चाललं. रिलीज ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवलं आणि पहिल्याच संदेशाला कोसळलं. मिक्स हे बांधकामाचं हत्यार, ते रिलीजसोबत जातच नाही. मी हाक मारत होतो, पण तिथे ओ द्यायला कुणी नव्हतं.

तोच प्रश्न फंक्शनच्या बाहेर, मॉड्यूलच्या अंगात विचारला असता, तर कंपाइल होतानाच निकाल लागला असता. एलिक्झरमध्ये मॉड्यूलचं अंग त्या वेळी खरोखर चालतं, म्हणून साधं ‘इफ’ पुरतं. हॅस्केलवाले त्यासाठी सी भाषेचा प्रीप्रोसेसर मधे घेतात. क्लोजरने २०१५ साली १.७ आवृत्तीत रीडर कंडिशनल आणले. एलिक्झरच्या १.१० पासून ‘कंपाइल_एन्व्ह’ आहे. बांधताना वाचलेली सेटिंग आणि सुरू होतानाची सेटिंग जुळली नाही, तर रिलीज उठतच नाही. हा हट्टीपणा मला मनापासून आवडतो. काकांच्या दुसऱ्या ओढीसारखा आहे तो.

तरीही गाळलेल्या बाजूची धास्ती राहतेच. ज्या फंक्शनची व्याख्याच झाली नाही, त्यातलं चुकलेलं नाव कंपायलरला दिसणार कसं? म्हणून आता मी दोन मॉड्यूल लिहितो. एक खरा एसएमएस पाठवतं, दुसरं फक्त लॉगमध्ये नोंदवतं. दोन्ही नेहमी कंपाइल होतात, दोन्हींच्या चाचण्या चालतात, आणि कुठलं वापरायचं ते कॉन्फिगमधली एक ओळ सांगते. संदेश रचणाऱ्या फंक्शनला आपण कुठे चाललोय याचा पत्ताही नसतो.

परवा काका झड बांधत होते तेव्हा मी पडवीत बसून सगळ्या कोडमधल्या अशा अटी मोजल्या. अकराच्या तीन झाल्यात. दोन राउटरमध्ये आहेत, विकासापुरती पानं उघडणाऱ्या. त्या तिथेच शोभतात. तिसरी अजून बिलाच्या हिशेबात अडकली आहे. पाऊस लागायच्या आत ती काढायची आहे.