लोखंडाचा सांधा

आमच्या धंद्यात जोडकाम पुष्कळ असते. तुटलेली भागी, दुभंगलेले कुटुंब, बांधाच्या हद्दीवरून हातघाईस आलेले दोन शेजारी, यांना कागदावर सांधून देणे हे वकिलाचे नित्यकर्मच होय. परंतु तो सांधा शब्दांचा. तो टिकला की नाही हे कळावयास कधी कधी एक पिढी जावी लागते, आणि तोवर सांधणारा वकील बहुधा हयात नसतो. लोखंडाच्या सांध्याची परीक्षा मात्र त्याच दुपारी हातोडीने होते. वयाची पंचेचाळिशी गाठल्यावर ही विद्या शिकण्याचा योग मला आला, तो एका जुन्या पिकअपमुळे.

गाडी काकांची. फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरातून नारळ, सुपारी, केळी बाजारात पोचविण्यासाठी त्यांनी ती घेतली होती. जत्रेच्या दिवसांत देवळाची मोठी भांडी आणि मंडपाचे सामानही तिच्यातूनच जात असे. काका वारले, गाडी माडाखाली उभी राहिली, आणि गोव्याच्या पावसाळ्यांनी हौद्याच्या तळाची अक्षरशः चाळण केली. इंजिन मात्र शाबूत होते. भंगारात घाला, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. मी ठरविले की, हौद्याचा तळ नवा घालावा, आणि नारळाचा ढीग बाहेर घरंगळू नये म्हणून बाजूंना बोल्टांनी बसणारा व काढता येणारा एक पिंजरा करावा.

वकील असल्याने प्रथम मी रॉडला हात न लावता कायद्याचे पुस्तक उघडले. मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. आणि फेरफार म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडविणारा रचनेतील बदल, असा खुलासाही तेथेच आहे. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. गंजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच मापाचा पत्रा घालणे ही दुरुस्ती. हौदा लांबविणे हा फेरफार. ही रेषा मनात पक्की करूनच मी कामाला लागलो. रस्त्यावर सजलेल्या कित्येक गाड्या पाहिल्या की ही रेषा फार थोड्यांना ठाऊक असावी असे वाटते.

शिकविणारे मेस्त माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. गावात त्यांना सर्रास ‘तूं’ म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून ‘तुमी’ म्हणू लागलो. ज्याच्याकडून विद्या घ्यावयाची त्याला एकेरीत कसे हाकारावे? आरंभी त्यांनाच त्याचा संकोच वाटे. पुढे तो गेला.

सोनाराचा डाख आणि वेल्डिंग यांत मोठा भेद आहे. डाखात लवकर वितळणारा तिसराच धातू मध्ये घालून दोन तुकडे एकमेकांना चिकटवितात. तुकडे स्वतः वितळत नाहीत. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळतात, रॉडचे लोखंड त्यांत मिसळते, आणि थिजल्यावर तिघांचे एकच अंग होते. शुद्ध लोखंड १५३८ अंशांवर वितळते. रॉडचे टोक व पत्रा यांमधील ठिणगीचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. रॉडवरील लेप जळून त्याचा धूर वितळलेल्या धातूभोवती पांघरूण घालतो व हवेला दूर ठेवतो. उरलेला लेप कीट होऊन वर साचतो. थंड झाल्यावर ते कीट हातोडीने टिचवून काढले की खालचा खरा सांधा दिसतो.

घरातील विजेवर चालणारे लहान इन्व्हर्टर यंत्र, ६०१३ जातीचे अडीच मिलिमीटरचे रॉड, आणि ऐंशीच्या आसपास अँपिअर, एवढ्या सामग्रीवर तीन मिलिमीटरचा पत्रा नीट जुळतो. पण सामग्री हा विद्येचा सोपा भाग. अवघड आहे ते पाहणे. काळ्या काचेतून नवशिक्याला केवळ लखलखाट दिसतो आणि त्याची दृष्टी तेथेच खिळते. मेस्त शेजारी बसून म्हणत, “वकीलबाब, उजो पळोवं नाकात, उदक पळयात.” उजेडाच्या मागे, रॉडच्या टोकाखाली, वितळलेल्या लोखंडाचे वाटाण्याएवढे डबके असते, तेच त्यांचे उदक. ते दोन्ही कडांना भिजवीत पुढे सरकले पाहिजे. हात घाईने गेला तर ते कडांना शिवत नाही. रेंगाळला तर पत्र्याला भोक पडते. हे वाक्य ऐकून कळते, पण हाताला उमगावयास मला तीन आठवडे आणि भंगार पत्र्याचा एक ढीग लागला. पुस्तकात त्या डबक्याचे वर्णन आहे. त्याची चाल मात्र पुस्तकात सापडत नाही.

आणखी एक गोष्ट वकिलाच्या मनाला विशेष लागली. वरून माशाच्या खवल्यांसारखी सुबक दिसणारी रेघ आतून पोकळ असू शकते. कीट आत अडकले, गंज पुरता घासला नाही, की वरचे सौंदर्य हे निव्वळ साक्षीदाराचे पाठ केलेले उत्तर ठरते. म्हणून मेस्त नमुन्याचा सांधा पकडीत धरून हातोडीने वाकवीत. पत्रा वाकला आणि सांधा टिकला तरच ते मान हलवीत. त्यांची उलटतपासणी माझ्याहून कडक.

प्रत्यक्ष गाडीवर काम करताना पथ्ये फार. बॅटरीची तार सोडावयाची. यंत्राचा अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावावयाचा, म्हणजे वीज चाकांच्या बेअरिंगांतून वाट काढीत नाही. डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावयाची. चॅसीच्या लांब पट्ट्यांना ठिणगी लावावयाची नाही, कारण तापून थिजलेल्या जागेच्या कडेला, भाराने सतत लवणाऱ्या त्या लोखंडात, चीर सुरू होते. पत्रा एका दमात जोडला तर ताणाने पापडासारखा वाकतो. म्हणून आधी दूरदूर टाके, मग समोरासमोरच्या बाजूंनी थोडे थोडे काम. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पिंजऱ्याला स्वस्त पडला असता, परंतु त्याच्या धुराने ताप भरतो. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही असा कारागिरांत समज आहे. माझा भरवसा मुलामा घासून काढण्यावर आणि उघड्या वाऱ्यावर अधिक. रॉड पावसाळ्यात ओल धरतात, यास्तव मेस्त ते घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीच्या उबेला ठेवतात.

काम चालू असताना एकदा सहज बोलण्यात आले की, आमच्या देवळाच्या तळीचा लोखंडी कठडा याच हातांनी जोडलेला आहे. त्या कठड्यापाशी संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर देणगीदारांची नावे आहेत आणि त्यांत माझेही आहे. शिकल्यानंतर मी तो कठडा पुन्हा पाहिला. पायऱ्यांकडील कोपऱ्यात, जेथे भाविकांची नजर जाणार नाही, तेथेही सांधा तितकाच भरीव आहे. देवस्थानांसंबंधीची १९३३ सालची पोर्तुगीज नियमावली माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे आहे. महाजनांची नोंद कशी ठेवावी हे ती सांगते. कठडा जोडणाऱ्याची नोंद कोठे ठेवावी, हे कोणी विचारलेच नसावे.

त्यांचे नाव पाटीवर घालावे, अशी सूचना मी समितीकडे दिली आहे. “मजुरी दिली ना?” असे एका ज्येष्ठ महाजनांनी विचारले. दिली, यात शंका नाही. दक्षिणा पुरोहितालाही देतो. म्हणून त्यांना नमस्कार करावयाचे आपण सोडीत नाही, एवढेच मी म्हणालो. सूचना पुढील सभेकडे ठेवली आहे. मेस्तांच्या कानी हे गेले तेव्हा ते हसले. “नांव कित्याक? कठडो हालता काय तें पळयात.”

गाडी आता योग्यता-तपासणीत उत्तीर्ण झाली असून आठवड्यातून दोनदा नारळ घेऊन बाजारास जाते. पुढच्या चाकावरील मडगार्ड तेवढे राहिले आहे. त्याचा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ. रॉडने त्यात भोकेच पडतील, त्याला तारेचे यंत्र हवे, असे मेस्त म्हणतात. ते यंत्र त्यांच्या भाच्याकडे आहे. तो विशीतला आहे, आणि येत्या रविवारी मला त्याच्याकडे शिकावयास जावयाचे आहे.