अंगणांतला अडुळसा

बागेंत ज्याचें कौतुक व्हावें असें अडुळशांत फारसें कांहीं नाहीं. मोगऱ्याचा सुगंध त्याला नाहीं, जास्वंदीचा रंग नाहीं. आणि पाला तर इतका कडू, कीं मोकाट शेळीही त्याला सहसा तोंड लावीत नाहीं. परंतु अनसिंगसारख्या गांवीं, जेथें शेळ्यांच्या तोंडून वांचेल तेंच झाड आपलें, तेथें हा दुर्गुणच मोठा गुण ठरतो. आमच्या आवाराला म्हणूनच अडुळशाचें कुंपण आहे, आणि तें आत्यानें लावलेलें आहे.

लागवड सोपी. पावसाळ्याच्या आरंभीं जून फांदीचे चार डोळ्यांचे तुकडे करावे व दोन डोळे मातींत जातील असे रोवावे. आमच्या काळ्या जमिनींत पाणी सांचतें व मूळ कुजतें, म्हणून आत्या आधीं मातीचा वरंबा घालते. हिवाळ्यांत जांभळट रेघांचीं पांढरीं फुलें येतात. त्यांचा आकार जबडा पसरलेल्या सिंहासारखा, म्हणून संस्कृतांत या झुडपाला सिंहास्य असेंही नांव आहे. बहर सरला कीं छाटणी करावी.

बहुतेक मुलखांत खोकल्याचें असें एखादें झाड असतें. युरोपांत तें मलेन. लोंकरीसारख्या पानांचें, दुसऱ्या वर्षीं पिवळ्या फुलांचा उंच तुरा काढणारें. हिमालयांतही तें उगवतें. आपल्याकडे तो मान अडुळशाचा, आणि तो पोकळ नव्हे. याच्या पानांत व्हॅसिसीन नांवाचें द्रव्य आहे. कफ पातळ करणारें ब्रोमहेक्सिन हें औषध त्याच्याच आधारें तयार झालें.

दोन वर्षांपूर्वीं आत्याला खोकला जडला, तेव्हां म्हणूनच कोणी घाबरलें नाहीं. पानें वाफवून काढलेला रस ती मधाशीं घेऊं लागली. घसा मोकळा होई, झोंप लागे. पण संध्याकाळचा बारीक ताप जाईना. तिसरा आठवडा लागला, तेव्हां मीं म्हटलें, "आत्या, वाशीमला जाऊन थुंकी तपासून घेऊं." ती म्हणाली, "अरे, जुन्या वैद्यांनीं क्षयावरसुद्धां हाच सांगितला आहे!"

तें खरें होतें. पण त्या वैद्यांच्या काळीं क्षयाचा जंतु कोणी पाहिला नव्हता. रॉबर्ट कॉखनें तो १८८२ सालीं दाखविला, आणि त्याच्यावर चालणारें स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्यें हातीं आलें. अडुळसा कफ सोडवील, पण क्षय निपटून काढणें त्याच्या आवांक्यांतलें नाहीं. उलट त्यानें दिलेल्या आरामाआड रोग दडून राहतो. मीं एवढेंच विचारलें, "झाडाकडून त्याच्या शक्तीबाहेरचें मागणें, ही त्याची कदर झाली का?" आत्या क्षणभर गप्प राहिली, मग लुगडें बदलायला आंत गेली.

तपासणींत क्षयच निघाला. सहा महिने एकाही दिवसाचा खंड न पाडतां तिनें गोळ्या घेतल्या, आणि ती बरी झाली. कुंपणाची छाटणी आजही तीच करते. पाला मागायला आलेल्या शेजारणींना ती मोकळ्या हातानें देते; पण सोबत तिच्या दोन अटी असतात. "गरोदर बाईला देऊं नको. आणि दोन आठवड्यांत खोकला राहिला नाहीं, तर पुन्हां पाल्याला येऊं नको. थुंकी तपासायला जा."