बिबीचं गाणं

पहिल्या दिवशी त्या पोरानं मला 'बिबी' म्हणून हाक मारली तेव्हा मी चमकलेच. मला वाटलं, 'बिब्बा' म्हणतोय की काय! नातू खो खो हसायला लागला. "आजी, बिबी म्हणजे आजी. आणि इथं ताईला 'दादा' म्हणतात, दादाला 'काका' म्हणतात."

"मग काकाला काय म्हणतात, मामा?" मी विचारलं.

"नाही, मामा म्हणजे आई!"

म्हटलं, बरं झालं बाई, आमचे मामा हे ऐकायला नाहीत.

टांझानियातल्या दार एस सलाम शहरात मुलगा नोकरीला आहे. चार महिने राहायला म्हणून मी बेळगावहून गेले होते. उपांगा भागात घर. तिथं पिढ्यान् पिढ्या राहिलेली गुजराती कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या, दिवस असेतोवर जेवून घेणाऱ्या बाईचं कुणालाच नवल नव्हतं. पण दिवसभर घरात करायचं काय? म्हणून दुपारी नातवाला शाळेतून आणायला गाडीतून मीही जायची. गाडी चालवणारा हा पोरगा, बावीस-तेवीस वर्षांचा. सकाळी दिसला की मान झुकवून 'शिकामो' म्हणायचा. थोरांना करायचा हा नमस्कार. त्याचा अर्थ 'मी तुमचे पाय धरतो' असा सांगतात. आपण 'मराहाबा' म्हणून तो स्वीकारायचा. रोज पाया पडणारा इतका संस्कारी पोरगा, आणि गाडीत बसला की मात्र रेडिओवर ती बडबड लावायचा. धाड् धाड् ठेका आणि वर कुणीतरी भांडल्यासारखं बोलतोय. स्तवनं आणि भीमसेनअण्णांवर वाढलेले आमचे कान. चौथ्या दिवशी मी नातवाला म्हटलं, "त्याला सांग, ते भांडण जरा बारीक कर."

त्यानं लगेच आवाज कमी केला. वर नातवामार्फत निरोप दिला, "बिबी, हे भांडण नाही, कविता आहे."

कविता म्हटल्यावर मला गप्प बसवेना. रोज थोडं थोडं विचारत गेले. नातू आपल्या मोडक्या मराठीत दुभाष्याचं काम करायचा. खरं सांगायचं तर त्याची स्वाहिली त्याच्या मराठीपेक्षा कितीतरी सफाईदार होती, आणि ते मला कुठंतरी खुपत होतं.

'उबोंगो' म्हणजे मेंदू. दार एस सलाममध्ये जगायचं तर डोकं चालवावं लागतं, म्हणून लोक त्या शहरालाच 'बोंगो' म्हणतात, आणि तिथल्या पोरांच्या संगीताला 'बोंगो फ्लेवा'. हल्ली त्या नावाखाली प्रेमाची गोड गाणीच जास्त वाजतात. खरा हिपहॉप वेगळा, हे तो तावातावानं सांगायचा. जणू आमच्याकडचा जुना बुवा नव्या भजनी मंडळाविषयी बोलतोय!

सुरुवातीला तिथंही सगळं इंग्रजीतच होतं. अमेरिकेच्या कॅसेटी ज्यांच्या घरी यायच्या ती बऱ्या घरची, इंग्रजी येणारी पोरं त्यांची नक्कल करायची. 1991च्या सुमारास सालेह जाबीर नावाच्या तरुणानं गाजलेल्या इंग्रजी रॅपच्या चालीवर स्वाहिली शब्द बसवले आणि लोकांनी कान टवकारले. तरी वडीलधारी माणसं या पोरांना 'वाहुनी' म्हणायची, म्हणजे उनाड, वाया गेलेली. रेडिओही एकच, सरकारी. 1994च्या सुमाराला खाजगी रेडिओ सुरू झाले आणि हे गाणं घराघरात शिरलं. म्बेयाचा एक गायक, सुगू त्याचं नाव. त्यानं स्वतःच्या भाषेत, साध्या माणसाच्या तोंडून देशाची अवस्था सांगितली. त्याच्या गाजलेल्या गाण्याचं नाव 'हाली हालिसी', म्हणजे खरी परिस्थिती. त्यातली 'हाली' म्हणजे आपले 'हाल'च की! शब्द एकाच अरबी घरातून निघाले, एक तिकडं गेला, एक इकडं आला.

मग मला शब्द ओळखायचा नादच लागला. पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा'. तिथली तीनचाकी रिक्षा तर 'बजाजी', आपल्या पुण्याच्या बजाजवरून! ज्या भाषेला मी भांडण म्हणत होते, तिच्यात माझ्याच घरातली भांडी मांडलेली निघाली.

प्रोफेसर जे या गायकाचं एक गाणं त्यानं मला ओळ ओळ थांबवून समजावलं. 'न्दियो म्झे', म्हणजे 'होय, थोरले'. निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी अशक्य ती आश्वासनं देतो आणि जमाव दर वेळी 'होय, थोरले' म्हणतो. मी पोट धरून हसले. पुढं 2015 साली हाच प्रोफेसर जे स्वतः खासदार झाला. त्याच्या आधी 2010 साली सुगूही निवडून आला होता. राष्ट्राध्यक्षांचा अपमान केला म्हणून 2018 साली सुगूला तुरुंगातही जावं लागलं. एड्सनं मरणाऱ्या माणसानं आपली कथा सांगावी असं 'स्तारेहे' नावाचं फेरूझचं गाणं आहे. जे घरात बोलायची चोरी, ते त्या गाण्यानं चारचौघांत बोललं. "बायका म्हणतात का हे?" मी विचारलं. त्यानं झाय बी, सिस्टा पी अशी नावं घेतली. थोड्या, पण आहेत.

गाडीत पुढं, काचेखाली त्याची शंभर पानी वही असायची. सिग्नलला गाडी थांबली की काहीतरी खरडायचा. स्वाहिलीत बहुतेक शब्द स्वरावर संपतात, त्यामुळे यमक सहज जुळतं. त्यांच्या जुन्या कवितेत ओळीला सोळा अक्षरं, आठ-आठ अशी मोजून घालतात. तो मात्र शाळेत शिकवतात ती स्वाहिली लिहीत नव्हता. आपल्या वस्तीत, तेमेकेत, जशी बोलतात तशी लिहायचा. मी विचारलं, "शुद्ध का लिहीत नाहीस?" नातवानं विचारून उत्तर सांगितलं, "तो म्हणतोय, शुद्ध लिहिलं तर आईला वाटंल दुसरंच कोण बोलतंय."

आणि मग त्यानं सहज विचारलं, "बिबी, तुमच्या आईचं गाणं कसं होतं? म्हणा की."

माझ्या आईच्या ओव्या साऱ्या गल्लीत नावाजलेल्या. पहाटे जात्यावर बसली की एकामागून एक. निपाणीच्या बाजाराला गेलेली तंबाखूची गाडी, माहेरची बसदी, पर्वातले उपास, सासूचा हात, धाकट्या भावाची वाट, सगळं त्यात यायचं. एक ओळ मराठी, तर दुसरीच्या शेवटाला कानडी शब्द. घरातच दोन भाषा, तिनं वेगळ्या काढल्याच नाहीत. लग्नाआधी मी त्यातल्या पन्नासेक एका वहीत उतरवल्या होत्या.

1985 साली एका मोठ्या शहरात बायकांच्या साहित्य मेळाव्यात मी लेख वाचला. आमच्याकडं बोलतात तसाच लिहिलेला, 'काय करालाईस', 'आक्का', 'बघ की' असं सगळं असलेला. व्यासपीठावरच्या बाई हसून म्हणाल्या, "लेख छान आहे, पण भाषा तेवढी शुद्ध करून घ्या." सभागृह हसलं. मीही हसले. घरी आले आणि भाषा शुद्ध करून घेतली. त्यानंतर तीस-चाळीस वर्षं जे लिहिलं ते त्या बाईंच्या मराठीत. आईच्या ओव्यांची वही घर बदलताना रद्दीत गेली. चुकून गेली नाही, मीच टाकली. 'आता हे गावठी कोण वाचणार' म्हणून. आई 1998 साली गेली. वहीचं मी तिला कधीच सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

मी गाडीत डोळे मिटून आठवू लागले. दीड ओवी आली. पुढं जातं थांबलं. पोरगा काचेवर बोटानं ठेका धरून वाट बघत होता, नातू तोंडाकडं. मला रडूच आलं.

त्या रात्री झोप लागेना. पहाटे उठून चिकोडीजवळच्या गावी मावशीला फोन लावला. तिकडं घड्याळ अडीच तास पुढं, ती पूजा आटपून बसलेली. वय शहाऐंशी.

"काय करालाईस गं? खाल्लीस काय काहीतरी?"

"मावशी, आईची ओवी सांग की."

"आता कुठलं जातं नि कुठली ओवी. इसरली सगळी."

मी फोन तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं तिकडून बारीक, फाटका आवाज आला. म्हणताना मधेच थांबून ती विचारायची, "हितं 'अव्वा' म्हटलेलं चालतंय नव्हं? लिवून घ्यालाईस म्हणून इचारते."

"चालतंय. तसंच सांग," मी म्हटलं.

दुपारी त्या पोराला दुकानापाशी गाडी थांबवायला सांगितली. वही घ्यायची होती. तिथं वहीला 'दफ्तारी' म्हणतात. हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. फोनवर जतन केलेला मावशीचा आवाज नातवानं गाडीत लावला. पोरानं रेडिओ बंद केला आणि स्टिअरिंगवर हलकेच ताल धरला. दुसऱ्या ओवीला नातवानं विचारलं, "आजी, 'मनी' म्हणजे मन ना?"

"नाही रे बाळा, मनी म्हणजे घर. आपल्या आजीची कानडी."

बेळगावला परत आल्यावर दर रविवारी मी मावशीकडं जाते. आतापर्यंत एकोणीस ओव्या वहीत आल्यात. दोन ओव्यांच्या शेवटच्या ओळी मावशीलाही आठवत नाहीत. तेवढी जागा मी कोरी ठेवलीय.