काठमांडूचं १९७३

"काका, झोंछेत आता काही उरलेलं नाही. त्यापेक्षा मंडळींबरोबर रुद्राक्ष घ्यायला चला," असं आमचा टूर मॅनेजर म्हणाला आणि मी बसमधून खाली उतरलो. पोरगा पंचविशीचा. माझ्या पिढीचं काठमांडू पशुपतिनाथाचं नव्हतंच, देव आनंदचं होतं, हे त्याला कुठून कळणार? 'हरे रामा हरे कृष्णा' आला १९७१ साली. चिलीम ओढणारी झीनत अमान पाहून आमच्या पुण्याच्या कॉलेजातल्या निम्म्या पोरांनी केस वाढवले. मी तर वारकरी आजोबांची खुंटीवरची माळ गळ्यात घालून डेक्कनवर हिंडायचो. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. गावाकडे माणसं खडी फोडत होती, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळत होती, आणि त्याच अमेरिकेतली पोरं घरच्या सुबत्तेला लाथ मारून आपल्याकडे येत होती. आम्ही तिघांनी काठमांडूला पळून जायचं ठरवलं. गाडीभाड्याचे पैसे काही जमले नाहीत आणि माझं बंड वडिलांनी न्हाव्याच्या खुर्चीत संपवलं.

पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभू ही तिन्ही ठिकाणं आम्ही एका सकाळीच उरकली होती. पशुपतिनाथाला रांग, स्वयंभूला माकडं, बौद्धनाथाला सेल्फी. हॉटेलबद्दल न बोललेलं बरं: डिसेंबरच्या थंडीत गिझर पहाटे पाचला दहा मिनिटं चालायचा आणि रात्रीच्या जेवणात पिठलं-भाकरी. पिठलं खायला हिमालयात कशाला यायचं?

झोंछे म्हणजेच एकेकाळची फ्रीक स्ट्रीट. बसंतपूरच्या चौकातून दक्षिणेला निघणारी ही अरुंद गल्ली. बाकदार जिने, वाकून शिरावं लागेल असे दरवाजे, वर कोरीव लाकडी खिडक्या आणि खाली नेवार घरमालकांची दुकानं. लंडन-ॲमस्टरडॅमहून सुटलेल्या बसगाड्या इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, लाहोर, दिल्ली करत यायच्या आणि त्यातली पोरं शेवटी या गल्लीत येऊन पडायची. चरस-गांजा इथे कायदेशीर होता, दुकानांना सरकारी परवाने होते. 'ईडन हशिश सेंटर' नावाचं दुकान तर देवादिकांची चित्रं छापलेली कॅलेंडरं गिऱ्हाइकांना वाटायचं. आपल्याकडे किराणा दुकानदार दिवाळीला वाटतात, तशीच. शेजारच्या दरबार चौकात नऊ पायऱ्यांच्या जोत्यावर माजू देवल आहे. ही मंडळी दिवसभर त्या पायऱ्यांवर बसून असायची, म्हणून गावाने त्याला हिप्पींचं देऊळ करून टाकलं. २०१५ च्या भूकंपात ते कोसळलं. आता पुन्हा उभं आहे, पायऱ्यांवर शाळकरी जोडपी बसतात.

गल्लीच्या आतल्या अंगाला 'स्नोमॅन' आहे, १९६५ पासूनचं. अंधारी खोली, भिंतीभर चितारलेली चित्रं, काचेच्या कपाटात चॉकलेट केक आणि कॅरॅमल कस्टर्ड. कस्टर्ड उत्तम. समोरच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ चहा घेत होते. कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी पुण्याचा म्हणताच ते हिंदीत सुरू झाले आणि पहिल्या पाच मिनिटांतच आमची जुंपली.

वाद असा: १९७३ च्या जुलैत नेपाळने चरसचे सगळे परवाने एका फटक्यात रद्द केले आणि फ्रीक स्ट्रीटचा बाजार उठला. का? गृहस्थ म्हणाले, "निक्सनचा दबाव, दुसरं काही नाही." मी म्हटलं, राजा वीरेंद्राचा राज्याभिषेक १९७५ साली व्हायचा होता, जगभरचे पाहुणे येणार, त्याआधी अंगण झाडून घेतलं असेल. मग मार्क लिक्टी या अमेरिकन अभ्यासकाच्या 'फार आउट' या पुस्तकाचा विषय निघाला. त्यात हिप्पी येतात ते आधीचे श्रीमंत प्रवासी आणि नंतरचे ट्रेकर यांच्या मधला टप्पा म्हणून. बंडखोर पोरांना पर्यटनाच्या खात्यात टाकलेलं मला रुचत नाही, असं मी म्हणालो. त्यातले कितीतरी व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीला नकार देणाऱ्या पिढीचे होते. गृहस्थ हसले. "दाइ, त्यांचं बंड त्यांच्या देशात. इथे ते गिऱ्हाईकच होते. त्या साली आमची पोरं काय करत होती, ते कोणी विचारत नाही."

मग त्यांनीच सांगितलं. राजा महेंद्राने १९६० साली निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पक्षांवर बंदी घातली. त्या सरकारचे पंतप्रधान बी. पी. कोइराला आधी तुरुंगात, मग भारतात परागंदा. १० जून १९७३ रोजी त्यांच्या नेपाळी काँग्रेस पक्षाच्या तीन तरुणांनी विराटनगरहून काठमांडूला निघालेलं विमान पळवलं आणि बिहारमधल्या फारबिसगंजच्या गवताळ धावपट्टीवर उतरवलं. विमानात सरकारी बँकेचे तीस लाख भारतीय रुपये होते, ते लढ्यासाठी काढून घेतले. प्रवाशांत होती आपली माला सिन्हा! जुलैत सिंहदरबार, म्हणजे राणांचा राजवाडा आणि सरकारचं सचिवालय, आगीत बराचसा जळून गेला. आणि पूर्वेकडच्या झापा जिल्ह्यातली, नक्षलबारीचं वारं प्यालेली पोरं पकडली जात होती. त्यातला एक, खड्गप्रसाद ओली, त्याच वर्षी आत गेला तो चौदा वर्षांसाठी.

मी कस्टर्ड तसंच ठेवलं. राजाच्या त्या पक्षबंदीवाल्या पंचायत राजवटीला हिप्पी चालत होते, कारण त्यांना नेपाळातलं काहीच बदलायचं नव्हतं. ज्यांना बदलायचं होतं, त्यांना कोठडी. आमच्याकडेही वेगळं नव्हतं. मी डेक्कनवर माळ मिरवत होतो, त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहत होती. सिनेमा मात्र झीनतवर निघाला.

पुढची गोष्ट तर कोणी कादंबरीत लिहिली असती तर अतिरंजित म्हणून परत आली असती. झापाचे ओली पंतप्रधान झाले, एकदा नव्हे, अनेकदा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या सरकारने समाजमाध्यमं बंद केली. ८ तारखेला शाळा-कॉलेजातली पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबारात त्या एका दिवसात १९ जण मेले. दुसऱ्या दिवशी सिंहदरबार पुन्हा पेटला आणि ओलींनी राजीनामा दिला. हंगामी पंतप्रधान म्हणून आल्या माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की. त्यांचे यजमान दुर्गा सुबेदी हे १९७३ च्या त्या तीन विमान पळवणाऱ्यांपैकी एक.

"मग तुमच्या मते ही नवी पोरं कुठे पोचतील?" मी विचारलं. गृहस्थांनी मफलर सारखा केला. "इतिहासाच्या मास्तराला भविष्य विचारू नका," म्हणाले, आणि माझ्या चहाचे पैसेही देऊन गेले.

संध्याकाळी ठरलेल्या जागी पोचायला मला उशीर झाला. मंडळी रुद्राक्षांच्या पिशव्या घेऊन बसमध्ये ताटकळत होती, त्यांच्या नजरा मी झेलल्या. एवढं मात्र सहल कंपन्यांना सांगावंसं वाटतं: रुद्राक्षाच्या दुकानाला तुम्ही दीड तास देता, त्यातली वीस मिनिटं वाचवा आणि बस सिंहदरबारच्या फाटकाबाहेर उभी करा. तिकीट लागत नाही.