सरदारजींनी आमचे भाषण दुरुस्त केले

चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो, असे आम्ही विहारात मुलांना नेहमी सांगतो. आज तीच शिकवण स्वतःला लावून घेण्याची पाळी आमच्यावर आली आहे.

गेल्या वर्षी १ ऑक्टोबरला आमच्या वस्तीतील विहारात महार रेजिमेंटच्या स्थापना दिनाचा छोटासा कार्यक्रम होता. आमचे मामा त्या रेजिमेंटमध्ये होते. आता ते हयात नाहीत, पण वर्दीतला त्यांचा फोटो आम्ही दरवर्षी त्या दिवशी विहारात नेऊन ठेवतो. आमच्या ऑफिसच्या फाटकावर एक निवृत्त हवालदार पहारेकरी आहेत. पंजाबचे सरदारजी. मुलाने इकडे ट्रकचा धंदा केला, म्हणून तेही इकडेच राहिले. फौजी माणूस म्हणून आम्ही त्यांना आग्रहाने बोलावले होते.

भाषण करता करता आम्ही जरा वाहवत गेलो. १९३६ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते, हे सांगून आम्ही म्हणालो, "शिखांकडे पाहा! एकच लंगर, एकच पगडी, एकच पलटण. तिथे कोणी कोणाची जात विचारत नाही." टाळ्या पडल्या. सरदारजींनी मात्र टाळी वाजवली नाही.

चहाच्या वेळी ते आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाबूजी, लंगर एक है. पलटन एक नहीं थी." मग मामांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "इनकी पलटन और मेरी पलटन, दोनों का जनम एक ही दिन का है."

आम्हाला वाटले, म्हातारा गंमत करतो आहे. पण पुढचे काही रविवार वाचनालयात काढले तेव्हा कळले, की सरदारजींचा शब्द न् शब्द खरा होता. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

शिखांमध्ये मजहबी शीख म्हणून एक मोठा समाज आहे. झाडलोट आणि सफाईची कामे ज्यांच्या माथी मारली होती, त्या समाजातून हे लोक शीख धर्मात आले. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. तेव्हा त्यांचे मस्तक जिवावर उदार होऊन आनंदपूरला पोहोचवणारे भाई जैता याच समाजाचे. पुढे अमृत घेऊन ते जीवनसिंग झाले. गुरूंनी त्यांना पोटाशी धरले, पण गावाने त्यांची विहीर वेगळीच ठेवली.

१८५७ साली पंजाबात माधोपूर येथे कालव्याचे काम चालू होते. त्या कामावर मजहबी मजूर होते. बंडामुळे इंग्रजांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा याच मजुरांतून पायोनियर पलटणी उभ्या केल्या आणि त्यांना दिल्लीकडे धाडले. पायोनियर म्हणजे काय? खांद्यावर बंदूक आणि सोबत कुदळ किंवा फावडे. फौजेच्या पुढे जाऊन रस्ता करायचा, खंदक खणायचा आणि शत्रू आला की तीच कुदळ टाकून बंदूक उचलायची. म्हणजे काम दुप्पट! या पलटणींना पुढे २३ वी आणि ३२ वी शीख पायोनियर असे क्रमांक मिळाले; ३४ वी नंतर उभी राहिली. त्यांतली २३ वी १८६० साली चीनमध्ये लढली, १८६८ साली ॲबिसिनियात गेली.

शिखांच्या दुसऱ्या पलटणी होत्या, १४ वी, १५ वी, ३६ वी वगैरे. त्यांत प्रामुख्याने जमीनदार जाट शिखांची भरती होई. मजहबींना तिथे जागा नव्हती. गुरू एक, ग्रंथ एक, केस आणि कृपाण एक. पण भरतीच्या वेळी जात पाहून रांग वेगळी. शिवाशिव गावातली आणि तिच्यावर शिक्का सरकारचा, असा हा दुहेरी कारभार होता.

आता चित्रालची हकीकत ऐका. १८९५ साली वायव्य सरहद्दीवर चित्रालच्या किल्ल्यात इंग्रज अधिकारी दीड महिना वेढ्यात अडकले. त्यांच्याबरोबर काश्मीर संस्थानचे शिपाई होते आणि १४ व्या शीख पलटणीचे शंभराच्या आत जवान होते. मदतीला गिलगिटहून कर्नल केली निघाले. त्यांच्याजवळ होते ३२ व्या पायोनियर पलटणीचे सुमारे चारशे मजहबी जवान. वाटेत बारा हजार फुटांहून उंच शांदूरची खिंड, कमरेएवढे बर्फ. तोफा वाहणारी खेचरे बर्फात रुतून बसली, तेव्हा शिपायांनी त्या तोफा हातांनी ओढून नेल्या. त्या कामात काश्मीरच्या शिपायांचा मोठा वाटा होता, तेही सांगितले पाहिजे. बर्फाच्या लखलखाटाने कित्येकांचे डोळे गेल्यासारखे झाले. वाटेत दोन लढाया मारून २० एप्रिलला ही फौज चित्रालला पोहोचली. वेढा त्याआधीच उठला होता.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो. ज्या पलटणीच्या रांगेत उभे राहण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्याच पलटणीचे प्राण वाचवायला ते बर्फ तुडवत गेले होते!

पण इतिहास वाचायचा तर सगळा वाचावा, सोयीचा तेवढाच नव्हे. १९०४ साली यंगहजबंडच्या मोहिमेत २३ वी आणि ३२ वी पायोनियर तिबेटात गेली. ३१ मार्चला गुरू नावाच्या गावाजवळ जुनाट बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेटी लोकांवर गोळीबार झाला. शेकडो माणसे मेली, त्यांतली कित्येक पाठ फिरवून चालत जात असताना. मरणारे बुद्धाचे नाव घेणारे गरीब लोक आणि मारणाऱ्यांत गावाबाहेर ठेवलेल्यांची मुले. हुकूम तिसऱ्याचाच. हे आम्ही सरदारजींना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हुकूम था." मग बराच वेळ गप्प राहिले. आम्हीही गप्प राहिलो. शौर्याचा अभिमान धरावा, पण ते कोणाच्या कामी लागले, हा प्रश्न गिळून टाकू नये.

पहिल्या महायुद्धात ३४ वी पलटण फ्रान्सच्या खंदकांत लढली. तिला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला. १९२२ साली या पलटणी एकत्र करून तिसरी शीख पायोनियर रेजिमेंट केली. आणि १९३३ साली? खर्च परवडत नाही म्हणून सगळ्याच पायोनियर रेजिमेंट मोडल्या! पंचाहत्तर वर्षांची नोकरी आणि हाती नारळ. शीख रेजिमेंट चालूच होती, पण तिचे दार या जवानांना बंद होते.

वाचकहो, ही गोष्ट कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते ना? आपल्या वाडवडिलांचेही हेच झाले. मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या लढलेल्या महारांची भरती १८९० नंतरच्या काळात बंद झाली, कारण म्हणे ते 'लढाऊ जमातीं'त बसत नाहीत! शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. गरज पडली की शूर, गरज सरली की अस्पृश्य!

दुसऱ्या महायुद्धाने सरकारला पुन्हा आठवण करून दिली. बाबासाहेबांनी महार पलटणीसाठी सरकारकडे पाठपुरावा केला होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आणि त्याच दिवशी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, जालंधरला मजहबी आणि रामदासिया शिखांची रेजिमेंट सुरू झाली. १९४४ साली तिचे नाव बदलून शीख लाइट इन्फन्ट्री झाले. १९४५ साली ती ब्रह्मदेशात मेकटीला येथे जपान्यांशी लढली. आता कुदळ-फावड्याची पलटण नव्हे, तर खरीखुरी पायदळ पलटण! स्वतंत्र भारतात हीच रेजिमेंट १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढली. १९९७ ते २००० या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल वेदप्रकाश मलिक याच रेजिमेंटचे अधिकारी. आमचे सरदारजी याच रेजिमेंटचे हवालदार.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. धर्माने समता सांगितली म्हणजे ती आपोआप व्यवहारात उतरते असे नाही. गुरूंनी सांगूनही पलटणी वेगळ्याच राहिल्या. मग आपण तरी छातीवर हात ठेवून सांगावे, की आपल्या घरात लग्न ठरवताना पोटजात विचारली जात नाही? दुसऱ्याच्या घरची जात शोधणे सोपे असते. आम्ही तर ती नाही असेच भाषणात ठोकून दिले, कारण तसे ऐकायला बरे वाटत होते.

यंदा १ ऑक्टोबरला विहारात मामांच्या फोटोशेजारी दुसरा फोटो असेल. सरदारजींचे वडीलही त्यांच्याच रेजिमेंटमध्ये होते, त्यांचा. भाषण सरदारजी करणार आहेत. आम्ही मुलांबरोबर सतरंजीवर बसून ऐकणार आहोत.